भाच्याला प्रिन्स ऑफ पर्शिया कसा द्यायचा

मागच्या वर्षी एकदा जेवताना माझ्या ११ वर्षांच्या भाच्याने विचारलं, मामा तू नेहमी ज्या प्रिन्सचं सांगतोस ना तो दाखव की मला. मला इतका आनंद झाला की त्याच रात्री लॅपटॉपवर प्रिन्स ऑफ पर्शिया या व्हिडिओ गेमच्या सिरीजमधला एक नवा, चकाचक गेम लावून दिला आणि २० मिनिटांत पोरगा उठून गेला. गेम चांगलाच होता, पण त्याच्यासाठी तो दहा गेममधला अजून एक गेम होता आणि माझ्यासाठी त्यात पूर्ण लहानपण होतं, ते त्याला दिसणार कुठून. मग उन्हाळ्याच्या सुट्टीत परत सुरुवात केली, या वेळी पहिल्या गेमपासून क्रमाने, आणि तेव्हापासून दर रविवारी सकाळी पोहे-जिलबी झाली की तो लॅपटॉप उघडून माझी वाट बघत बसलेला असतो. कोणाला आपल्या भाच्याला, पुतणीला, पोराला अशी जुनी सिरीज द्यायची असेल तर आम्ही कसं केलं ते सगळं लिहितोय, प्रिन्सबद्दल आहे पण दुसऱ्या सिरीजलाही बरंचसं लागू पडेल.

आधी मला हा गेम कसा मिळाला ते सांगतो कारण रीत तिथूनच घेतलीय. १९९६ ची गोष्ट, मी पाचवीत, आम्ही इंदूरला लोकमान्य नगरात राहायचो आणि काकांचं ऑफिस सियागंजात होतं, तिथे हिशेबासाठी एक ३८६ कॉम्प्युटर. रविवारी काका कामाला जायचे तेव्हा चुलत दादा आणि मी स्कूटरवर त्यांच्या मागे-पुढे. काका वही काढून बसले की दादा फ्लॉपी घालायचा, काळ्या स्क्रीनवर प्रिन्स टाइप करायचा, आणि मला खुर्चीवर बसवून स्वतः बाजूला स्टुलावर. स्वतः सगळा गेम संपवलेला होता त्याने, पण मी मरत असताना एकदासुद्धा कीबोर्डला हात लावला नाही. "बघ, परत बघ" एवढंच म्हणायचा. मॅन्युअल आमच्याकडे नव्हतं, आणि पहिल्या लेव्हलनंतर गेम विचारायचा की मॅन्युअलच्या अमुक पानावरच्या अमुक ओळीतला अमुक शब्द, त्याचं पहिलं अक्षर असलेला पेला पी. आम्ही अंदाजाने पीत होतो, आणि बरोबर लागलं की पान-ओळ-शब्द-अक्षर असं शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवायचो. ती वही अजून आहे माझ्याकडे.

तर पहिला नियम हाच, तुम्ही स्टुलावर. हात मांडीवर. पोरगं खड्ड्यात पडत असेल तर पडू द्या. तोंडाने एखादा इशारा चालेल, पण "दे इकडे, मी करून दाखवतो" हे एकदा झालं की तो गेम त्याचा राहत नाही, तुमचाच होतो.

आता पहिला गेम आजच्या मशीनवर कसा लावायचा. हा १९८९ चा, जॉर्डन मेकनर नावाच्या माणसाने एपल टू कॉम्प्युटरवर बनवला आणि ब्रॉडरबंड कंपनीने काढला, मग तो डॉसवर, म्हणजे विंडोजच्या आधीच्या काळ्या स्क्रीनच्या सिस्टीमवर आला आणि आपल्याकडे सगळ्यांनी तोच पाहिलाय. जुनी डॉसची कॉपी असेल तर डॉसबॉक्समध्ये चालते, हे जुने डॉसचे गेम नव्या मशीनवर चालवणारं सॉफ्टवेअर. त्याहून सोपं म्हणजे एसडीएलपॉप, चाहत्यांनी डॉसच्या व्हर्जनवरून जसाच्या तसा बांधलेला, तो विंडोजवर सरळ चालतो, काही सेटिंग करावं लागत नाही. त्यात मधेच कुठेही सेव्ह करायची सोय आहे, पण ती पोराला पहिल्या दिवशी सांगू नका. का ते खाली येतंच.

बटणं कमी आहेत. डावा-उजवा बाण म्हणजे धावणं, वरचा बाण म्हणजे उडी आणि चढणं, खालचा म्हणजे वाकणं आणि उतरणं, आणि शिफ्ट. सगळा गेम त्या शिफ्टमध्ये आहे. शिफ्ट दाबून बाण दाबला तर प्रिन्स जपून एक-एक पाऊल टाकतो आणि कड्याच्या अगदी टोकाला जाऊन थांबतो, शिफ्ट दाबून ठेवलं तर पडता पडता कडा पकडतो, शिफ्टनेच पेला उचलतो, तलवार उचलतो, लढाईत शिफ्टनेच वार. वार अडवायचा तर वरचा बाण. हे सांगा आणि गप्प बसा. पहिली पंधरा मिनिटं पोरं नुसती धावतात आणि काट्यांवर मरतात, कारण आजच्या गेममध्ये धावलं तर चालतं. इथे नाही चालत. काट्यांतून हळू चालत गेलं तर काहीच होत नाही, धावत गेलं की संपलं. एक मजला पडलं तर काही नाही, दोन मजले पडलं तर स्क्रीनखाली दिसणाऱ्या जीवांतला एक जातो, तीन मजले म्हणजे मेला. भाच्याला हे कळायला दोन रविवार लागले, आणि कळलं तेव्हा त्याने स्वतःहून वहीत लिहिलं, मी सांगितलं नव्हतं.

अजून एक जी युक्ती दादाने मला फार उशिरा सांगितली ती तुम्ही पण उशिराच सांगा: जागच्या जागी उडी मारली की आजूबाजूच्या ढिल्या फरशा हलतात, म्हणजे कुठे पाय ठेवायचा नाही ते आधीच समजतं.

राजकुमारीला सोडवायचं असतं आणि त्यासाठी पूर्ण गेमला फक्त ६० मिनिटं आहेत. मेलात तर लेव्हल परत सुरू होते पण घड्याळ मागे जात नाही, जेवढा वेळ गेला तो गेलाच. स्पेस दाबलं की किती मिनिटं उरलीत ते दिसतं. डॉसमध्ये तिसऱ्या लेव्हलपासून कंट्रोल आणि जी दाबून सेव्ह करता येतं, पण घालवलेली मिनिटंसुद्धा त्यात सेव्ह होतात, म्हणून कधीतरी लक्षात येतं की आपण सहाव्या लेव्हलला आहोत आणि हातात १५ मिनिटं आहेत, म्हणजे आता पुढे जाऊन उपयोग नाही, पहिल्यापासून परत यायला लागणार आणि या वेळी चांगलं खेळायला लागणार. हा जो धक्का आहे ना तोच खरा गेम आहे. म्हणून मधेच सेव्ह करायची सोय लपवून ठेवा म्हटलं, ती वापरली की ६० मिनिटांना अर्थच राहत नाही. आमच्याकडे हा दिवस आला तेव्हा पोरगं रडवेलं झालं, ताई माझ्यावर ओरडली की सुट्टीत पोराला का रडवतोस, आणि पुढच्या रविवारी त्याने तीच पहिली पाच लेव्हल ११ मिनिटांत केली. ताई पण येऊन बघत उभी राहिली.

मधे मधे गोष्टी सांगायच्या, पण एका वेळी एकच. भाच्याला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे प्रिन्सचं धावणं-उड्या मारणं खऱ्या माणसाचं आहे. मेकनरने १९८५ मध्ये आपल्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून धावायला-उड्या मारायला लावलं, व्हिडिओ काढला आणि त्यावरून एक-एक फ्रेम उतरवून काढली. संगीत त्यांच्या वडिलांनी दिलं. आणि एपल टू चा मूळ कोड हरवला असं मेकनर धरून चालला होता, तो २०१२ मध्ये सापडला, कारण जुन्या डिस्कचा खोका वडिलांनाच घरात मिळाला. मग मेकनरने तो कोड सगळ्यांसाठी खुला केला. हे ऐकल्यावर भाचा मला म्हणाला, म्हणजे त्यांच्या घरातल्या सगळ्यांनी मिळून केला हा गेम. होच की. आमच्या घरात दादाने मला दिला आणि मी त्याला देतोय, तर मला ही गोष्ट फार जवळची वाटते.

दुसरी गोष्ट सावलीची. चौथ्या लेव्हलला शेवटी एक आरसा येतो, त्यातून धावत उडी मारायला लागते आणि दुसऱ्या बाजूने प्रिन्सची काळी सावली बाहेर पडते, आपला जीव एकदम एकवर येतो. पाचव्या लेव्हलला तीच सावली आपल्या आधी जाऊन मोठा पेला पिऊन टाकते, सहाव्याला नेमकं आपण उडी मारतो तेव्हा दार बंद करते आणि आपण खाली पडतो. भाच्याला तिचा इतका राग यायचा की तो स्क्रीनला बोलायचा. त्याला सांगितलं की ही सावली आली कशी, तर कॉम्प्युटरची मेमरी भरून गेली होती, नव्या शत्रूची चित्रं मावतच नव्हती, म्हणून मेकनरने प्रिन्सचीच चित्रं जराशी सरकवून परत वापरली आणि त्यातून हा दुसरा तयार झाला. जागा नव्हती म्हणून गेममधलं सगळ्यात भारी पात्र मिळालं.

बाराव्या लेव्हलला ती सावली तलवार घेऊन समोर येते. इथे खरंच एक अक्षरही बोलू नका. तिला वार केला की तेवढाच जीव आपला पण जातो, आणि पोरगं परत परत मरणार, चिडणार, तुमच्याकडे बघणार. तुम्ही खिडकीबाहेर बघा, पाणी प्यायला जा. ज्यांना उत्तर आधीच हवंय त्यांच्यासाठी लिहितो, बाकीच्यांनी पुढचं वाक्य सोडून द्या. खालचा बाण दाबून तलवार म्यान करायची आणि सावलीकडे चालत जायचं, दोघं एक होतात, आणि मग जिथे जमीनच नाही तिथे पाऊल टाकलं की पायाखाली फरशी येत जाते. मला हे १९९७ मध्ये दादाने सांगितलं नव्हतं, मी तीन महिने अडकलो होतो आणि शेवटी हात दमला म्हणून चुकून म्यान केली. भाच्याने तीन रविवार घेतले. ज्या क्षणी जमलं त्या क्षणी त्याने स्क्रीनकडे नाही, माझ्याकडे बघितलं.

वाटेतल्या बाकी गोष्टी पोरं आपली आपण शोधतात. तिसऱ्या लेव्हलचा हाडांचा सापळा वारांनी मरत नाही, त्याला मागे ढकलत ढकलत खाली पाडायला लागतं, आणि आठव्या लेव्हलला अडकलात की राजकुमारीने पाठवलेला उंदीर येऊन दार उघडतो, तेव्हा घाई न करता थांबायचं. बस.

दुसरा भाग १९९३ चा, द शॅडो अँड द फ्लेम, त्यात ७५ मिनिटं मिळतात. आवडला तर खेळा, आम्ही थोडा खेळून सोडला. १९९९ चा थ्रीडी वाला तर मी सरळ सोडायला सांगेन, पोराचा उत्साह त्यात घालवू नका.

आता सँड्स ऑफ टाइम, २००३ चा, यूबीसॉफ्ट कंपनीच्या माँट्रियल स्टुडिओने केलेला आणि कथा परत मेकनरची. तेव्हा मी कॉलेजला होतो, आणि जेल रोडवरून ग्राफिक्स कार्ड आणायला चार महिने ट्यूशनचे पैसे साठवले होते. स्टीम आणि गॉग या ऑनलाइन गेमच्या दुकानांत मिळतो, सेल लागला की बराच स्वस्त होतो. २०२० मध्ये याच्या रिमेकची घोषणा झाली तेव्हा काम यूबीसॉफ्टच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओकडे होतं, मला किती अभिमान वाटला होता काय सांगू, पण २०२२ मध्ये ते माँट्रियलकडे गेलं आणि २०२६ मध्ये रिमेक रद्दच झाला. तेव्हा जुनाच लावा, अजून सुंदर आहे. नव्या मशीनवर थोडं करायला लागतं: फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं दिसतात तो आकडा) ६० वर बांधून टाका नाहीतर वागणं विचित्र होतं, चित्र बिघडलेलं दिसलं तर सेटिंगमध्ये धुकं बंद करून बघा, आणि रुंद स्क्रीनसाठी चाहत्यांचे पॅच आहेत ते आधीच टाकून ठेवा. ही सगळी खटपट पोरगं यायच्या आदल्या रात्री करा, त्याच्यासमोर तासभर सेटिंग करत बसलात तर तो मोबाइल घेऊन बसेल.

सुरुवातच भारतात होते, एका महाराजाच्या महालावर हल्ला, तिथे प्रिन्सला वेळेचा खंजीर मिळतो, आणि महाराजाची मुलगी फराह पुढे बराचसा गेम त्याच्यासोबत असते. ६० मिनिटांचं घड्याळ सोसलेल्या पोराला जेव्हा पहिल्यांदा कळतं की बटण दाबलं तर वेळ मागे जातो, पडलेला प्रिन्स परत कड्यावर येतो, तेव्हाचा चेहरा बघायचा असेल तर पहिला गेम आधी खेळवायलाच लागतो, नाहीतर ती गंमत अर्धी जाते. क्रमाने खेळवा म्हणून जे मी सारखं सांगतोय त्याचं सगळ्यात मोठं कारण हे. दुसरी गोष्ट, पूर्ण गेम प्रिन्स स्वतः कोणाला तरी गोष्ट सांगतोय असा आहे, आणि आपण मेलो की तो म्हणतो की नाही नाही, असं झालं नव्हतं. आमच्या आजीची सवय अगदी हीच, गोष्ट सांगताना चुकली की "थांब, तसं नाही" म्हणून मागून सुरू करायची. भाच्याने आजीला पाहिलेलं नाही, पण आता तो ते वाक्य आजीचं म्हणूनच म्हणतो. सेव्ह वाळूच्या फिरत्या खांबात जाऊन होतो आणि तेव्हा पुढचं थोडंसं दाखवतात, ते नीट बघायला सांगा, पुढे उपयोगी पडतं.

आणि हा गेम अर्धा झाला की एक दिवस लॅपटॉप बंद करून मांडूला घेऊन जा. इंदूरहून साधारण शंभर किलोमीटर, सकाळी लवकर निघालं तर संध्याकाळी घरी. दोन तलावांच्या मधे उभा जहाज महाल, कमानी, गच्च्या, चंपा बावडीच्या खालच्या थंडगार खोल्या, होशंगशाहाची संगमरवरी कबर. भाचा प्रत्येक भिंतीकडे बघून सांगत होता, मामा इथून धावत येईल, इथे कडा पकडेल, मग त्या खांबावर उडी. मी त्याला सांगितलं की इथल्या सुलतानांच्या दरबारात ५०० वर्षांपूर्वी फारसीत लिहायचे, निमतनामा नावाचं पदार्थांचं सचित्र पुस्तक इथेच बनलं आणि ते आता लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. पर्शिया (म्हणजे आजचा इराण) त्याला तोपर्यंत गेममधलं खोटं गाव वाटत होतं. मग गाडीत आम्ही शब्द मोजायला लागलो, बाजार, दरवाजा, सरदार, पडदा, कागद, सगळं तिकडून मराठीत आलेलं आणि घरात रोज बोलतो. मांडू लांब वाटत असेल तर आपला इंदूरचा राजवाडा आहेच, सात मजले, खालचे दगडाचे, वरचे लाकडाचे, समोर उभं राहून वाट शोधायला सांगा. (पोराचा हात धरून ठेवा, आमचा खरंच कठड्यावर चढायला निघाला होता.)

यानंतर थांबा. २००४ चा वॉरियर विदिन लगेच देऊ नका. त्याला अमेरिकेत एम रेटिंग आहे, म्हणजे १७ आणि त्यावरच्या वयासाठी, रक्त खूप, प्रिन्स चिडलेला, मागे दाहाका नावाचा राक्षस लागलेला. मला स्वतःला तो फार आवडतो आणि मी तेव्हा विशीच्या आसपास होतो, आमच्या ग्रुपमध्ये यावरून खूप भांडणं व्हायची, काहींना सँड्सचा हळवा प्रिन्स हवा होता. पण ११ वर्षांच्या पोराला नको. भाच्याला साफ सांगितलंय की तो भाग अजून तुझा नाही, आणि त्याने मानलंय कारण बाकी काही मी लपवलेलं नाही. मोठ्यांनी खेळताना दोन गोष्टी लक्षात ठेवा: सेव्ह कारंज्यांवर होतो, तर दर वेळी वेगळ्या जागी सेव्ह करा, एकाच सेव्हवर राहिलात आणि गेम एखाद्या दारापाशी अडकला तर सगळं परत करायला लागतं. आणि नऊच्या नऊ जीव वाढवणाऱ्या जागा शोधा, त्यानंतरच पाण्याची तलवार मिळते आणि खरा शेवट दिसतो, २००५ चा टू थ्रोन्स त्या शेवटाहून पुढे सुरू होतो. टू थ्रोन्स पण एमच आहे, तोही नंतर.

मग लहानांना मधे काय द्यायचं, तर २००८ चा प्रिन्स. गोष्ट पूर्ण वेगळी, सोबत एलिका असते आणि पडलं की ती हात धरून वर काढते, मरणं असं नाहीच. तेव्हा लोक नाराज होते की फार सोपा केला, पण ९-१० वर्षांच्या पोरासाठी आणि ज्या मोठ्यांनी कधी गेम खेळले नाहीत त्यांच्यासाठी यापेक्षा चांगला कोणता नाही, माझ्या ताईने हाच खेळला. २०१० चा फर्गॉटन सँड्स हा सँड्स ऑफ टाइमच्या नंतरच्या काळातला आहे, पाणी गोठवून त्यावर चढणं मस्त आहे, पावसाळ्यात दोन रविवार जातात.

सगळ्यात शेवटी तो, ज्यावरून पहिल्या रात्री पोरगा उठून गेला होता, द लॉस्ट क्राउन, २०२४ चा, यूबीसॉफ्ट माँपेलिएचा. यात आपण प्रिन्स नसतो, सार्गोन नावाचा योद्धा असतो आणि पळवून नेलेल्या राजपुत्राला शोधायला काफ पर्वतावर जातो. परत बाजूने दिसणारा, पहिल्या गेमसारखा, आणि या वेळी भाच्याने पहिल्याच मिनिटाला ओळखलं की मामा हे तर तेच, कडे, काटे, पडणाऱ्या फरशा. आवाजाची भाषा फारसी करता येते, ती नक्की करा, आम्ही शब्द पकडत खेळतो. कंट्रोलर घ्या, कीबोर्डवर बोटं दुखतात. सुरुवातीला गाइडेड मोड ठेवा म्हणजे नकाशावर पुढे कुठे जायचं ते दिसतं, आणि उड्यांची एखादी जागा अजिबातच जमत नसेल तर ती ओलांडून जायची मदत सेटिंगमध्ये आहे, ती चालू-बंद करायचं पोरालाच ठरवू द्या.

या गेममध्ये स्टूल बदलायचं, आता तुम्ही मागे. तो खेळेल, तुम्ही विचारा. आम्ही एकाच सेव्हवर खेळतो, तो रविवारी आणि मी मधल्या वारी रात्री अर्धा तास, आणि गेममध्ये अशी सोय आहे की एक बटण दाबलं की समोरच्या जागेचा फोटो निघून नकाशावर टाचला जातो, म्हणजे जिथे आत्ता जाता येत नाही तिथे नंतर परत यायचं लक्षात राहतं. परवा रात्री मी नकाशा उघडला तर एका कोपऱ्यात त्याने फोटो टाचून ठेवलेला, उंचावर एक कडा, खाली काटे. सकाळी फोन करून विचारलं की हे काय आहे रे, कसं जायचं वर? तर म्हणाला, "बघ, परत बघ."